माणसं अशी का वागतात, आणि त्यावरून माणूस ओळखता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: माणसाच्या वागण्याचा उलगडा करणारे मानसशास्त्रातले प्रसिद्ध परिणाम कोणते, ते ठाऊक असले की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का, आणि रोजच्या जगण्यात त्यातलं काय उपयोगी पडतं?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. पंचवीस वर्षं समुपदेशन करते आहे, त्याआधी काही वर्षं सामाजिक मानसशास्त्र शिकवत होते, आणि समोर येऊन बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते मला आजही ओळखता येत नाही. विचारावं लागतं. 'न विचारता कळतं' म्हणणाऱ्यांची आठवण झाली की मला मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर आठवतात. त्यांनी १९४८ साली वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याच्या व्यक्तिमत्त्वाचं वर्णन ठेवलं. वर्णन कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर मिळाला होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. वरून शिस्तीचा, आतून काळजी करणारा, अशी त्यातली वाक्यं. ती कोणाला लागू पडत नाहीत?

आता 'परिणाम' म्हणजे काय ते नीट धरून ठेवा, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. प्रयोगात माणसांचे दोन गट करतात, एका गटाची परिस्थिती किंचित बदलतात आणि दोन्ही गटांच्या वागण्यातला फरक मोजतात. तो फरक म्हणजे परिणाम. तो घोळक्याबद्दल बोलतो, तुमच्या शेजारी बसलेल्या एका माणसाबद्दल नाही. आणि तो बहुतेकदा स्वभावाबद्दल नसतोच, परिस्थितीबद्दल असतो.

माझ्या दृष्टीने याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांचं, १९७३ सालचं. प्रिन्स्टनमधले धर्मशास्त्राचे ४० विद्यार्थी. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली ती प्रसिद्ध गोष्ट, ज्यात रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला एक वाटसरू मदत करतो. वाटेत, एका दारापाशी, एक माणूस वाकून कण्हत, खोकत बसवलेला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना 'आत्ता निघालात तर वेळेत पोचाल' असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी ४५ टक्के. 'उशीर झालाय, लवकर पळा' असं ऐकलेल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. धार्मिकतेच्या चाचणीतल्या गुणांवरूनही कोण थांबेल हे सांगता आलं नाही. परोपकाराच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

हे ऐकल्यावर लोक 'ढोंगी कुठले' म्हणतात. मला तिथे वेगळंच दिसतं. तीन तऱ्हेची माणसं नव्हतीच तिथे. एकाच तऱ्हेची माणसं होती आणि तीन तऱ्हेची घाई होती. तरीही घाईतले १० टक्के थांबलेच, आणि ते नेमके कोण हे त्या प्रयोगालाही आधी सांगता आलं नसतं. परिणामांची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्या एका आकड्यात आहेत.

ढोंगी म्हणण्याच्या या सवयीलाही नाव आहे. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी लोकांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं, की कोणती बाजू मांडायची हे लेखकाच्या हातात नव्हतं, ती त्याला नेमून दिली होती. तरी वाचणाऱ्यांना वाटलं, लिहिलंय तसंच त्याचं मत असणार. पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी याला 'आरोपणातली मूलभूत चूक' असं नाव दिलं: वागणं दिसलं की आपण थेट स्वभावावर बोट ठेवतो, भोवतालची परिस्थिती विसरतो.

याचा दुसरा अर्धा भाग म्हणून सांगतात, की स्वतःच्या बाबतीत मात्र आपण परिस्थितीच पुढे करतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मीही हे वर्षानुवर्षं असंच शिकवलं. २००६ मध्ये बर्ट्रम माल यांनी दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरीत हा फरक जवळपास नाहीसाच झाला. पण घटना चांगल्या आणि वाईट अशा वेगळ्या केल्यावर चित्र स्पष्ट झालं. वाईट घडलं तर बाब्या आणि कार्टं बरोबर दिसतात; चांगलं घडलं तर गणित उलटतं. आपलं चुकलं की परिस्थिती, आपलं जमलं की कर्तबगारी. जोडप्यांची भांडणं ऐकताना मला हे इतकं नियमित दिसतं, की मी एक सवय लावून घेतली आहे. 'तो आहेच तसा' हे वाक्य आलं की विचारायचं: शेवटचं असं कधी झालं, किती वाजले होते, आधीच्या तासाभरात काय घडलं होतं? निम्म्या वेळा स्वभावाचं रूपांतर थकव्यात, भुकेत नाहीतर फोनवर आलेल्या एखाद्या बातमीत होतं. निम्म्या वेळा होत नाही, तो माणूस खरंच तसा असतो. तेही कळलेलं बरं.

आता गर्दीकडे. सॉलोमन अ‍ॅश यांचा १९५०च्या दशकातला रेषांचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. तीन रेषांपैकी नमुन्याएवढी कोणती ते सांगायचं, उत्तर ढळढळीत, पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देतात. अशा कसोटीच्या वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरं गर्दीची री ओढणारी निघाली. लोक इथेच थांबतात आणि 'माणूस मेंढरू आहे' म्हणून मोकळे होतात. पुढचं सांगत नाहीत. सुमारे एक चतुर्थांश माणसं एकदाही झुकली नाहीत. आणि गर्दीत फक्त एक जण खरं बोलणारा ठेवला, तर री ओढण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास घसरलं.

स्टॅनली मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगाचंही असंच झालंय. १९६३ साली छापलेल्या पहिल्या निबंधात ४० पैकी २६ जणांनी, म्हणजे ६५ टक्क्यांनी, प्रयोग घेणारा सांगत गेला म्हणून, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत विजेचे 'झटके' दिले. झटके खोटे होते, देणाऱ्यांना ते सांगितलं नव्हतं. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण मिलग्रॅमने प्रयोगाची अनेक रूपं केली होती. सूचना देणारा खोलीत नसून फोनवर असला, की शेवटपर्यंत जाणारे पाचातल्या एकावर आले. सोबत बसलेल्या दोघांनी 'आम्ही नाही करणार' म्हटलं, की ४० पैकी फक्त ४ जण शेवटापर्यंत गेले. सगळ्यांनाच झटके खरे वाटत होते का, यावर पुढे बरेच आक्षेप आले आणि ते रास्त आहेत. ६५ हा आकडा मी कोणाच्या तोंडावर फेकणार नाही. पण एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना तो ज्या दिशेने हलतो, ती दिशा मला महत्त्वाची वाटते. वरिष्ठांसमोर बैठकीत विरोध करायचा असलेली माणसं माझ्याकडे धीर मागायला येतात. धीर माझ्याकडेही नसतो. मी सांगते, आदल्या दिवशी एकाशी बोलून ठेवा. फक्त एकाशी.

बघ्यांच्या परिणामाची, म्हणजे बघणारे जास्त असले की प्रत्येक जण मदतीला कमी उठतो याची, गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तिची सुरुवात एका बातमीने झाली. मार्च १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि दोन आठवड्यांनी न्यू यॉर्क टाइम्सने छापलं, की ३८ जणांनी तो पाहिला आणि कोणी पोलिसांना फोन केला नाही. पुढच्या शोधात ती बातमी बरीच फुगवलेली निघाली. २०१६ मध्ये त्या वर्तमानपत्रानेच तसं मान्य केलं. पण तोवर तिच्यातून एक प्रयोग जन्माला आला होता. १९६८ मध्ये डार्ली (तेच, वरचे) आणि बिब लताने यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मायक्रोफोनवर गप्पा मारायला लावल्या. मधेच एका आवाजाला फिट आल्याचं ऐकू आलं. ऐकणारे आपण एकटेच, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यापैकी ८५ टक्के फिट ओसरण्याआधी मदतीला उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ६२ टक्के. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्के.

म्हणजे गर्दीत मदत मिळत नाही? थांबा, जरा हिशोब करू. पाच जण, प्रत्येकाची उठण्याची शक्यता ३१ टक्के, कोणालाच दुसरा दिसत नाही. पाचही जण बसून राहण्याची शक्यता निघते साधारण १६ टक्के. म्हणजे कोणीतरी एक उठण्याची शक्यता ८४ टक्के. एकट्याची किती होती? ८५. मदत करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर फरक प्रचंड, पडलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर जवळजवळ शून्य. अर्थात माणसं एकमेकांना दिसत असतील तर हा हिशोब तसाच चालत नाही, कारण मग 'हा शांत आहे म्हणजे काही झालेलं नसेल' असं प्रत्येकाला वाटू लागतं. त्याच दोघांच्या धुराच्या प्रयोगात खोलीत धूर येत असतानाही मख्ख बसलेल्या दोन साथीदारांजवळ बसवलेल्यांपैकी दहातल्या एकानेच जाऊन सांगितलं. एकटे असलेल्यांपैकी चारातल्या तिघांनी. तरी खऱ्या रस्त्यांवरचं चित्र बरंच बरं आहे. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं संशोधकांनी पाहिली. दहातल्या नऊ प्रसंगांत निदान एक तरी तिऱ्हाईत मध्ये पडला होता, आणि लोक जितके जास्त तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त होती. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो बातमीपेक्षा जास्त आवडतो, पण बातमीइतका तो कोणाला माहीत नाही.

आता घोळका सोडून स्वतःशी चाललेल्या हिशोबाकडे येते. डॅनिएल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचा एकेक मग दिला आणि बाजार मांडला. ज्यांच्या हातात मग होता त्यांना तो विकायला साधारण सात डॉलर हवे होते, नसलेले साधारण तीन डॉलर द्यायला तयार होते. तोच तो मग. काही मिनिटांपूर्वी तो कोणाचाच नव्हता. सोडायची वेळ आली की वस्तूचा भाव चढतो, कारण मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचा सल मोठा असतो.

यातूनच बुडीत खर्चाचा मोह येतो: घातलेलं परत येणार नाही हे दिसत असूनही, घातलंय म्हणून तेच पुढे चालवायचं. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ च्या निबंधात नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग दिला आहे: काहींना पूर्ण किमतीत तिकीट मिळालं, काहींना अचानक सवलत. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले; दुसऱ्या सहामाहीत फरक उरला नाही. त्या विरण्याकडे लक्ष द्या. पैशाचा सल विरतो. वर्षांचा इतक्या सहज विरत नाही. 'इतकी वर्षं दिली' हे वाक्य माझ्या खोलीत जितकं ऐकू येतं तितकं दुसरं कुठलं येत नसेल. मी त्यावर वाद घालत नाही. विचारते, ही वर्षं दुसऱ्या कोणी दिली असती आणि आज सकाळी तुम्ही त्याच्या जागी जागे झाला असतात, तर पुढचं वर्ष दिलं असतं का? काही जण 'हो' म्हणतात आणि हलक्या मनाने परत जातात. तेही उत्तरच आहे.

आणि याच्याही खाली एक थर आहे. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ, १९५९. विद्यार्थ्यांकडून एक तास कमालीचं कंटाळवाणं काम करून घेतलं, मग पुढच्या मुलीला 'काम मजेचं आहे' असं खोटं सांगायला लावलं. काहींना त्याचे २० डॉलर दिले, काहींना १. नंतर विचारल्यावर काम खरोखर आवडलं असं कोण म्हणालं? १ डॉलरवाले. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलण्याचं कारण खिशात होतं. १ डॉलरवाल्यांना ते कुठूनतरी आणावं लागलं, म्हणून त्यांनी मत बदललं. मत आणि वागणं जुळेनासं झालं की बदलायला जे सोपं ते आपण बदलतो, आणि झालेलं वागणं तर बदलता येत नाही. मोबदला नसलेल्या जागी, मान नसलेल्या नात्यात माणसं वर्षानुवर्षं राहतात आणि वर त्याची तरफदारी करतात, ते पाहून नातेवाईक चक्रावतात. मी चक्रावत नाही.

काही नावं मात्र यादीतून खोडून टाका, किंवा पेन्सिलीने लिहा. इच्छाशक्ती इंधनासारखी वापरून संपते, हे १९९० च्या दशकातलं तत्त्व २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासलं, तेव्हा परिणाम शून्याच्या जवळ आला. विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवलेला १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग मी आता शिकवत नाही; पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या हे उघड झाल्यावर त्यात उरतं काय? गोड पदार्थ लगेच न खाता थांबलेली मुलं पुढे यशस्वी होतात, हा निष्कर्षही २०१८ मध्ये मोठ्या नमुन्यावर, घरची परिस्थिती हिशोबात घेतल्यावर, बराच आकसला. आणि डेव्हिड डनिंग व जस्टिन क्रूगर यांच्या नावाचा परिणाम, ज्याला कमी येतं त्याला आपलं कमीपण कळत नाही असं सांगणारा! 'उथळ पाण्याला खळखळाट फार' हे शास्त्राने सिद्ध केलं म्हणून जो मूर्खपणाच्या शिखराचा, थोडंसं कळलेल्याचा आत्मविश्वास सगळ्यात उंच दाखवणारा, आलेख फिरतो, तो १९९९ च्या त्यांच्या निबंधात नाहीच. त्यात इतकंच होतं: सगळ्यात कमी गुणांचे लोक स्वतःला सरासरीच्या थोडं वर समजत होते. तज्ज्ञांपेक्षा वर नव्हे. आणि यातला बराच भाग निव्वळ आकडेवारीच्या गमतीने येतो, असा गंभीर आक्षेप आहे. दुसऱ्याला अडाणी ठरवायला हा परिणाम वापरणारे बघितले की मला फोररचा वर्ग आठवतो.

उरलं रोजचं. लाजऱ्या माणसांना मी थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग सांगते. विद्यार्थ्याला ओशाळवाणं वाटेल अशा गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावून खोलीत पाठवलं. त्याचा अंदाज: निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात चारातल्या एकाच्या लक्षात आलं होतं. याने लाज जात नाही, पण निम्म्याने कमी झाली तरी पुष्कळ.

अर्धवट काम डोक्यात घोळतं, हे ब्लूमा झायगार्निक यांच्या १९२७ च्या निबंधाशी जोडलं जातं. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात हा त्यांचा मूळ दावा पुढे फारसा टिकला नाही. ती पुन्हा हाती घेण्याची ओढ मात्र टिकली. झोप न येणाऱ्यांना याचा उपयोग आहे. उद्या ते काम कधी, कुठे, कोणत्या पायरीपासून धरायचं एवढं लिहून ठेवलं, की ओढ बरीच सैलावते. २०११ च्या एका अभ्यासातही तसं दिसलं.

शेवटी, एकच काही आजपासून वापरायचं असेल तर मी नियोजनाचा भ्रम, म्हणजे कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची सवय, निवडेन. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी अंदाज ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर? ४९. लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरूनही पुरलं नाही, कारण तोही अंदाज आजच्या कामाकडे बघूनच केलेला होता. त्यांनी पुढे आणखी एक पाहिलं: 'मागच्या वेळी किती लागले ते आठवा' एवढं म्हणून अंदाज सुधारत नाही. माणूस आठवतो आणि 'तेव्हाची गोष्ट वेगळी होती' म्हणून बाजूला ठेवतो. तो जुना अनुभव या वेळच्या कामात नेमका कुठे आडवा येईल, हे लिहायला लावलं तेव्हाच अंदाज खऱ्याच्या जवळ आला. म्हणून कागदावर दोन ओळी लिहायच्या: मागच्या तीन वेळी किती दिवस लागले, आणि तेव्हा जे आडवं आलं ते या वेळी कोणत्या आठवड्यात येणार आहे. दुसरी ओळ लिहायला लोक फार कुरकुर करतात. ती सोडायची नाही.